'रिसो आमारो' : गुन्हेकथेचा साचा आणि श्रमाचे वास्तव

१

इटालियन नववास्तववादाचा आढावा घेताना रॉबेर्तो रोस्सेलिनी यांचा 'रोम, ओपन सिटी' (१९४५), वित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) आणि लुकिनो विस्कोन्ती यांचा 'ला तेर्रा त्रेमा' (१९४८) ही नावे प्रथम घेतली जातात. ज्युझेप्पे दे सान्तिस यांच्या 'रिसो आमारो'चा (१९४९) उल्लेख त्यांच्या पाठोपाठ होतो खरा. पण तो बहुधा एका आक्षेपासह होतो. भाताच्या खाचरांत राबणाऱ्या स्त्रियांचे अस्सल चित्रण करण्याची संधी दिग्दर्शकाला लाभली होती. तिच्यावर त्याने चोरीचा हार, पिस्तूल, मादक नृत्य आणि खून यांचे कलम केले आणि वास्तवाचा रंजनासाठी बळी दिला, असा हा आक्षेप आहे. नववास्तववादाची म्हणून जी लक्षणे सांगितली जातात, त्यांतील प्रत्यक्ष स्थळी चित्रीकरण करण्याचे लक्षण या चित्रपटात आढळते. कथानक जाणीवपूर्वक शिथिल ठेवण्याचे लक्षण मात्र त्याने उघडपणे झुगारले आहे.

हा प्रश्न केवळ चित्रपटाच्या अभ्यासकाचा नाही. रहस्यकथा आणि वास्तववादी कथा यांना वेगवेगळ्या पंगतींत बसविण्याची सवय मराठी समीक्षेलाही आहे. बाबुराव अर्नाळकरांचा वाचकवर्ग किती मोठा होता हे सर्वांना ठाऊक असते, परंतु वास्तववादाची चर्चा सुरू झाली की त्यांचे नाव निघत नाही. एका पंगतीतले पात्र दुसऱ्या पंगतीत आले तर काय घडते, हे पाहण्यासाठी 'रिसो आमारो' हे उत्तम उदाहरण आहे. यातील चोरीचे कथानक श्रमाच्या चित्रणावर बाहेरून चिकटविलेले नसून त्या चित्रणाचा अर्थ त्याच कथानकाच्या आधारे उलगडतो, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्याचबरोबर हा साचा कोठे अपुरा पडतो, हेही पाहावयाचे आहे. कारण तो अपुरा पडतो, यात शंका नाही.

शीर्षकापासूनच द्व्यर्थ सुरू होतो. इटालियन भाषेत 'रिसो' म्हणजे तांदूळ आणि 'रिसो' म्हणजे हसूही. 'कडू तांदूळ' हा एक अर्थ, 'कडवट हसू' हा दुसरा. इंग्रजी शीर्षकात यांपैकी पहिलाच तेवढा शिल्लक राहिला.

२

चित्रपटाची भूमी म्हणजे उत्तर इटलीतील पो नदीच्या खोऱ्यातला वेर्चेल्लीचा परिसर. चित्रीकरणाचा मोठा भाग तेथील लिग्नानाजवळच्या वेनेरिया या प्रशस्त शेतवाड्यावर झाला. या भागात भाताची लागवड काही शतकांपासून होत आली आहे. १८६६ मध्ये काव्हूर कालवा पुरा झाल्यावर पाण्याची सोय वाढली आणि मोठ्या जमीनधारणांवर बाजारासाठी भात पिकविण्याची पद्धत पक्की झाली. दर वर्षी मे-जूनच्या सुमारास, चाळीसएक दिवसांसाठी, एमिलिया, लोम्बार्दी, व्हेनेतो अशा प्रांतांतून हजारो स्त्रिया गाड्या भरभरून येथे येत. गुडघाभर पाण्यात कमरेत वाकून रांगेने पुढे सरकत तण उपटणे आणि रोपांची लावणी करणे हे त्यांचे काम. 'मोंदारे' म्हणजे साफ करणे, निवडणे. त्यावरून या निंदणी करणाऱ्या स्त्रियांना 'मोंदिना' हे नाव पडले. डास, हिवताप, पायांना डसणाऱ्या जळवा आणि बांधावर उभा राहून नजर ठेवणारा मुकादम हे या हंगामाचे नित्याचे घटक होते. रोख मजुरीबरोबर दिवसाला एक किलो तांदूळ देण्याचा प्रघात होता. पुढे तणनाशके आली आणि १९६०च्या दशकात हा व्यवसाय झपाट्याने नाहीसा झाला.

या स्त्रिया केवळ दयेचा विषय नव्हत्या. आठ तासांच्या दिवसासाठी त्यांनी केलेले संप इटलीच्या कामगार चळवळीतील महत्त्वाचे टप्पे मानले जातात. १९०६ मध्ये वेर्चेल्लीच्या परिसरात ही मागणी त्यांनी पदरात पाडून घेतली. त्यांची गाणीही प्रसिद्ध आहेत. मात्र या बाबतीत अभ्यासकाने थोडे सावध राहावे. 'बेल्ला चाओ' या गीताचा मोंदिनांचा पाठ फार जुना असल्याचा समज सर्वत्र पसरला आहे. प्रत्यक्षात तो पाठ वास्को स्कान्सानी यांनी १९५१च्या सुमारास, म्हणजे या चित्रपटानंतर, रचल्याचे पुढे उघड झाले. लोकपरंपरा म्हणून जे हाती येते त्यातील काही भाग किती अलीकडचा असतो, याचा हा एक नमुना.

चित्रपटाचा आरंभ या इतिहासाला सामोरा जातो, पण आडवळणाने. पडद्यावर एक माणूस थेट प्रेक्षकाकडे पाहून बोलू लागतो. उत्तर इटलीत शतकानुशतके भात पिकतो, जसा तो चीनमध्ये आणि भारतात पिकतो, असे तो सांगतो. हे काम स्त्रियांच्या हातांचे आहे. सुईत दोरा ओवणारे, तान्ह्या मुलाला जोजविणारे तेच नाजूक, चपळ हात येथे हवेत, अशा आशयाचे त्याचे निवेदन आहे. कॅमेरा मागे सरकतो तेव्हा कळते की हा नभोवाणीचा निवेदक असून तुरीनच्या स्थानकावरून मोंदिनांच्या प्रयाणाचे वृत्त देत आहे. प्रेक्षकाला जो माहितीपटाचा अधिकृत स्वर वाटला होता, तो कथेतल्याच एका पात्राचा स्वर निघतो. ही युक्ती साधी असली तरी तिचा परिणाम दूरवर जातो. श्रमाला निसर्गाचे आणि मातृत्वाचे रूप देणारे ते गोड वाक्य चित्रपटाचे स्वतःचे मत म्हणून उभे राहत नाही. ते नभोवाणीचे मत ठरते आणि पुढचे दीड-पावणेदोन तास चित्रपट त्याची झडती घेतो. हात चपळ आहेत म्हणून या स्त्रिया आलेल्या नाहीत. घरी चूल पेटत नाही म्हणून आल्या आहेत.

३

त्याच स्थानकावर पोलीस वॉल्टर (विट्टोरिओ गासमान) या चोराच्या मागावर आहेत. त्याची जोडीदारीण फ्रान्चेस्का (डोरिस डाउलिंग) हिने हॉटेलात मोलकरणीचे काम करताना एक रत्नहार लांबविला आहे. हार घेऊन ती मोंदिनांच्या गाडीत शिरते. तेथे तिला सिल्वाना (सिल्वाना मान्गानो) भेटते. ही च्युइंगगम चघळणारी, ग्रामोफोनच्या तालावर बूगीवूगी नाचणारी, चित्रकथांची साप्ताहिके वाचणारी मोंदिना आहे. वस्तीवर पोहोचल्यावर सार्जंट मार्को (राफ वालोने) भेटतो. त्याच्या पलटणीने रिकामी केलेल्या निवासातच आता या स्त्रिया राहणार आहेत. पुढे हार सिल्वानाच्या हाती जातो. वॉल्टर येऊन कोठारातील तांदूळ पळविण्याचा बेत आखतो आणि सिल्वाना त्याला सामील होते. शेवटी चौघे एका खाटीकखान्यात समोरासमोर येतात. सिल्वाना वॉल्टरला गोळी घालते आणि मग उंच मचाणावरून स्वतःला झोकून देते.

इतक्या संक्षेपात सांगितले तर ही बाजारू गुन्हेकथाच वाटेल. म्हणून एका तपशिलाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. फ्रान्चेस्का चोर म्हणून लपून आली आहे. पण खाचरावर तिला बेकायदा ठरविले जाते ते चोरीमुळे नव्हे, तर तिच्याकडे कामाचा करारपत्रक नाही म्हणून. तिच्यासारख्या करारपत्रकाविना आलेल्या अनेकजणी तेथे आहेत. त्यांनी कोणाचे काही चोरलेले नाही, तरी त्यांनाही चोरासारखेच वागविले जाते. करार असलेल्या स्त्रिया त्यांना घुसखोर म्हणतात, कारण त्या मजुरीचा दर पाडतील. बिनकराराच्या स्त्रिया आपली लायकी सिद्ध करण्यासाठी दुप्पट वेगाने काम करतात. दोन रांगा ईर्ष्येने पुढे सरकू लागतात. खाचरात बोलण्यास बंदी असल्याने सवाल-जवाब गाण्यातून होतात. भलरीची परंपरा ठाऊक असलेल्या वाचकाला शेतातील सामूहिक गाणे नवे नाही. मात्र येथे गाणे श्रमाचा ताल सांभाळण्यासाठी नसून मनाईला दिलेली बगल म्हणून येते, हा फरक महत्त्वाचा आहे. ईर्ष्येचे पर्यवसान हाणामारीत होते. सिल्वाना फ्रान्चेस्काविरुद्ध सर्वांना चिथावते. मार्को मध्ये पडतो, आणि अखेर दोन्ही गटांना आपण एकमेकींच्या शत्रू नाही हे उमगून सर्वांसाठी कराराची मागणी पुढे येते.

'कायदेशीर' आणि 'बेकायदा' हे शब्द या प्रसंगात दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरले जातात आणि एकमेकांत मिसळतात. फ्रान्चेस्काच्या ठिकाणी दोन्ही अर्थ एकत्र येतात. चोर म्हणून बेकायदा आणि मजूर म्हणून बेकायदा. ती चोर नसती, केवळ एक गरीब बिनकराराची स्त्री असती, तर हा प्रसंग सहानुभूतीच्या पातळीवर राहिला असता. ती चोर असल्यामुळे प्रेक्षकाला विचारावे लागते की कायदा नेमके कशाचे रक्षण करतो आहे. हार चोरणारीच्या मागे पोलीस लागतात. दर पाडण्यासाठी बिनकराराच्या बायका आणणाऱ्या मुकादमाच्या मागे कोणी लागत नाही. हा विचार चित्रपटात कोणी बोलून दाखवीत नाही. तो कथानकाच्या जुळणीतून येतो, आणि त्या जुळणीसाठी गुन्हेकथेची गरज होती.

हार आणि तांदूळ यांची जोडीही अशीच वाचावी लागते. हार या हातातून त्या हातात जातो. ज्याच्या हाती येतो त्याला सुटकेचे स्वप्न दाखवितो. तो खोटा आहे हे वॉल्टरला आणि फ्रान्चेस्काला आधी कळते, सिल्वानाला सर्वांत शेवटी. वॉल्टरने तो तिला जणू वाङ्‌निश्चयाची भेट म्हणून दिलेला असतो. खाटीकखान्यात फ्रान्चेस्का तिला हाराचे खरे मोल सांगते आणि पिस्तुलाचा रोख फिरतो. याउलट तांदूळ अगदी खरा आहे. त्याचे मोल पाठीच्या कण्याने चुकते केलेले असते. हार चोरण्याने एका श्रीमंत गिऱ्हाइकाचे नुकसान झाले असते, आणि हार खोटा निघाल्याने तेही फारसे झाले नाही. तांदूळ चोरणे म्हणजे ज्यांची मजुरीच तांदळात मोजली जाते त्यांच्या वाट्याला हात घालणे. म्हणून वॉल्टरचा दुसरा गुन्हा पहिल्याहून अधिक गंभीर ठरतो. शेतीची माहिती असलेल्या वाचकाच्या येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. निंदणीच्या हंगामात कोठारात असणारा तांदूळ मागील वर्षीच्या पिकाचा असतो. या स्त्रिया ज्या रोपांना हात लावतात त्यांचा दाणा भरताना पाहण्यास त्या तेथे नसतात.

अमेरिकेतील चित्रपट अकादमीने सर्वोत्तम मूळ कथेच्या पारितोषिकासाठी दे सान्तिस आणि कार्लो लिझानी यांना नामांकन दिले होते. समीक्षक ज्याला चित्रपटाचे दुबळे अंग म्हणत होते, नेमके तेच हॉलिवूडला नावाजावेसे वाटले, ही गंमत नोंदवून पुढे जाणे बरे.

४

डाव्या समीक्षकांचा रोष मुख्यतः सिल्वानावर होता. दे सान्तिस स्वतः कम्युनिस्ट पक्षाचे सभासद. त्यांनी एका मोंदिनेला मांड्या उघड्या टाकणारी, परदेशी नाचाने झपाटलेली मुलगी म्हणून दाखवावे, हे अनेकांना विश्वासघातासारखे वाटले. धार्मिक वर्तुळांतही चित्रपटाचा निषेध झाला, अर्थात वेगळ्या कारणाने. प्रेक्षकांनी मात्र तो डोक्यावर घेतला.

सिल्वाना 'ग्रांद ओतेल' हे साप्ताहिक वाचते. १९४६ मध्ये सुरू झालेल्या या चित्रकथांच्या साप्ताहिकाचा खप प्रचंड होता. मार्को तिला दक्षिण अमेरिकेत जाण्याचा आपला मनसुबा सांगतो, तेव्हा तिला उत्तर अमेरिका हवी असते, कारण तेथे सारे काही विजेवर चालते. विजेची खुर्चीही असते, असे मार्कोचे उत्तर आहे. ही थट्टा कथेच्या अखेरीची चाहूल देते, पण तिचे एवढेच काम नाही. युद्धानंतरच्या इटलीत अमेरिकन मदत, अमेरिकन चित्रपट आणि अमेरिकन नाच एकदमच आले. एप्रिल १९४८च्या निवडणुकीत ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने डाव्या आघाडीचा पराभव केला, आणि 'रिसो आमारो'चे चित्रीकरण त्याच वर्षीचे आहे. पराभूत पक्षाच्या कलावंताला एक प्रश्न छळत असणार. या मुलींच्या मनावर आपल्या पत्रकांपेक्षा साप्ताहिकातल्या चित्रकथांचा पगडा अधिक का आहे?

ग्राम्शीने तुरुंगातील टिपणांत जवळजवळ हाच प्रश्न साहित्याबद्दल उपस्थित केला होता. इटालियन जनता परदेशी क्रमशः कादंबऱ्या आवडीने का वाचते आणि आपल्याकडील लेखक तिच्यापर्यंत का पोहोचत नाहीत, याचा त्याने 'राष्ट्रीय-लोकप्रिय' या संकल्पनेच्या आधारे विचार केला. ही टिपणे ग्रंथरूपाने १९४८ पासून प्रसिद्ध होऊ लागली. दे सान्तिस यांनी ती वाचून चित्रपट रचला असे म्हणण्याची गरज नाही; दोघांपुढची परिस्थिती एकच होती. 'चिनेमा' या नियतकालिकात समीक्षक म्हणून लिहीत असताना दे सान्तिस यांनी मारिओ आलिकाता यांच्यासह व्हेर्गाच्या कथात्म वाङ्मयाची वाट चित्रपटाने धरावी असा आग्रह धरला होता (१९४१), आणि विस्कोन्तींच्या 'ओस्सेस्सिओने'च्या (१९४३) पटकथेत भाग घेतला होता. तो चित्रपट तर जेम्स केन या अमेरिकन लेखकाच्या गुन्हेकथेवरच बेतलेला होता. म्हणजे व्हेर्गा आणि केन, ग्रामीण वास्तव आणि गुन्हेकथा, ही सांगड त्यांच्या बाबतीत आरंभापासूनची आहे. त्यांच्या 'काच्चा त्राजिका' (१९४७) या पहिल्या कथापटातही शेतकऱ्यांची सहकारी संस्था आणि दरोडा एकत्र येतात.

पात्रयोजनेतही हा विचार आढळतो. श्रमाकडे वळणाऱ्या इटालियन फ्रान्चेस्काची भूमिका डोरिस डाउलिंग या अमेरिकन नटीने केली आहे, आणि अमेरिकेच्या स्वप्नाने वाहवत जाणारी सिल्वाना रोमच्या मान्गानोने. दोघींच्या वाटा एकमेकींना छेदून जातात. एक चोरीकडून कामाकडे येते, दुसरी कामाकडून चोरीकडे जाते. राफ वालोने तर अभिनेता होण्यापूर्वी फुटबॉलपटू होते आणि 'लुनिता' या कम्युनिस्ट दैनिकाचे पत्रकार होते. त्यांच्या मार्कोत जो सरळ, काहीसा उपदेशक सूर आहे तो तेथून आला असावा असे वाटण्याचा मोह होतो.

तरीही सिल्वानाच्या बाबतीत चित्रपट स्वतःच्याच सापळ्यात अडकतो, हे मान्य केले पाहिजे. ज्या मोहिनीने सिल्वानाचा घात केला, तीच मोहिनी वापरून चित्रपट प्रेक्षकाला खेचतो. पाण्यात पाय रोवून उभ्या असलेल्या मान्गानोचे छायाचित्र जगभर पोहोचले. तिच्या मागे वाकलेल्या शेकडो पाठी त्या मानाने कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. स्थानकावरील पहिल्या नाचाच्या वेळी तिच्या भोवती इतर स्त्रिया आहेत, त्या तिच्याकडे पाहत आहेत. तिचे सौंदर्य तेथे समूहाच्या आनंदाचा भाग आहे. निवासातील काही दृश्यांत मात्र तिला पाहणारे कोणी उरत नाही, प्रेक्षकाखेरीज. तेथे टीका आणि उपभोग यांतील रेषा पुसली जाते. दे सान्तिस यांचे समर्थन करण्याच्या भरात ही गोष्ट झाकणे योग्य होणार नाही.

दुसरी त्रुटी अधिक मूलगामी आहे. या चित्रपटात मालक जवळजवळ दिसत नाही. मुकादम आहेत, पोलीस आहेत, सैनिक आहेत, चोर आहे. जमिनीचा धनी कथेच्या संघर्षात उतरत नाही. गुन्हेकथेला एक खलनायक लागतो आणि तो वॉल्टरच्या रूपाने मिळाल्यावर मालकाची जागा आपोआप रिकामी राहते. सिल्वाना पाटाची दारे उघडून खाचरे बुडविते, तेव्हा हंगामाच्या अखेरच्या उत्सवात दंग असलेल्या स्त्रिया धावत जाऊन पीक वाचवितात. पीक कोणाचे, हा प्रश्न त्या क्षणी कोणी विचारीत नाही. १९०६चे संप ज्या भूमीवर झाले त्या भूमीवरील चित्रपटात हे मौन खटकते. साच्याने कायद्याचा प्रश्न उघड केला, पण मालकीचा प्रश्न झाकून टाकला.

५

चित्रपटाचे सर्वोत्तम दृश्य पावसाचे आहे. संततधार लागल्याने काम बंद पडते. कामाचा दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरीही बुडते. स्त्रिया भर पावसात खाचरात उतरण्याचे ठरवितात. त्यांच्यात गाब्रिएला नावाची एक गरोदर, आजारी स्त्री आहे. ती पाण्यातच कोसळते. भोवतालच्या स्त्रिया गाऊ लागतात, आणि तिचा आक्रोश व गाणे एकमेकांत मिसळतात. त्याच वेळी, त्याच पावसात, बांधापलीकडे वॉल्टर सिल्वानावर बलात्कार करतो. ओतेल्लो मार्तेल्ली यांचा कॅमेरा एकीकडे समूहावरून सरकतो, दुसरीकडे एकटीला कोंडीत पकडतो. माहितीपटाची सामग्री आणि अतिनाट्याची सामग्री असे भेद या ठिकाणी करता येत नाहीत. एका स्त्रीचे शरीर कामाने मोडले आहे, दुसरीचे पुरुषाने. आणि दोन्ही ठिकाणी पाऊस तोच आहे. चित्रपटाचा केवळ अर्धा भाग खरा मानणाऱ्यांनी हे दृश्य पुन्हा पाहावे.

यानंतरची सिल्वाना बदललेली आहे. उत्सवात तिच्या डोक्यावर 'मिस मोंदिना'चा मुकुट चढतो. हा मान साप्ताहिकातल्या सौंदर्यस्पर्धांची नक्कल आहे आणि हाराइतकाच पोकळही. खाटीकखान्यातील गोळीबार, टांगलेल्या मांसाच्या रांगांतील पाठलाग आणि आकड्याला अडकलेला वॉल्टर हे सारे काहीसे ढोबळ आहे. कसायाच्या दुकानातले रूपक समजावून सांगण्याची गरज नसते, आणि येथे ते दोनदा समजावले आहे.

शेवट मात्र पुन्हा संयत आहे. सिल्वानाचा मृतदेह जमिनीवर झाकलेला आहे. हंगाम संपला, स्त्रिया परत निघाल्या आहेत, प्रत्येकीजवळ मजुरीच्या तांदळाचे गाठोडे आहे. एकजण पुढे येते आणि त्यातील मूठभर तांदूळ तिच्या देहावर टाकते. मग दुसरी, मग तिसरी. इटलीतही नवपरिणित वधूवरांवर तांदूळ उधळण्याची प्रथा आहे. अक्षता म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात जे उभे राहते त्याहून ती फार दूर नाही. खोट्या हाराला जी वाङ्‌निश्चयाची खूण समजली होती, तिच्या वाट्याला अक्षता येतात त्या अशा. त्या टाकणाऱ्या स्त्रियांची खाचरे तिनेच बुडविली होती. त्यांनी तिला क्षमा केली की नाही, हे चित्रपट सांगत नाही. पार्श्वभूमीला मार्को आणि फ्रान्चेस्का चालू लागतात. कॅमेरा वर उचलला जातो, मुठी पडतच राहतात. आणि चाळीस दिवसांच्या कमाईतून तेवढे दाणे कमी करून बाकीच्या स्त्रिया आपापल्या गाडीची वाट धरतात.